उडत्या तबकड्यांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

उडत्या तबकड्या खऱ्या की खोट्या, या वादात आज मला शिरायचे नाही. त्या वादाला शंभर वक्ते मिळतील आणि शंभरही मोठ्या आवाजात बोलतील. मी पडलो हिशेब तपासनीस. उभी नोकरी लेखापरीक्षणात गेली. पाझर तलाव, रस्ते, शाळांच्या इमारती, कधी एखाद्या परिषदेतला चहापाण्याचा खर्च, जे समोर येईल ते तपासले. त्यामुळे कुठलीही अचाट गोष्ट ऐकली, की ती खरी का खोटी याच्या आधी मला वेगळेच प्रश्न पडतात. पैसा कोणी मंजूर केला? कशासाठी केला? आणि काम पूर्ण झाले, किंवा फसले, असे कशावरून ठरवायचे होते?

अमेरिकेच्या सरकारने १९४७ पासून अधूनमधून उडत्या तबकड्यांच्या तपासावर, आणि १९७२ नंतर वीसेक वर्षे अतींद्रिय शक्तींच्या संशोधनावर पैसा खर्च केला. त्यातली बरीच कागदपत्रे आता गोपनीयतेच्या कुलपातून बाहेर आली आहेत. सीआयए या गुप्तचर संस्थेने २०१७ साली लाखो पाने इंटरनेटवर खुली केली, त्यात हाही गठ्ठा होता. निवृत्त माणसाला वेळ असतो. मी तो गठ्ठा जमेल तसा चाळला. भुताखेतांची मौज त्यात फार नाही. पण मुदतवाढीची मौज भरपूर आहे.

सुरुवात झाली १९७२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत. हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग हे तिथले दोघे संशोधक. दोघांनीही लेसरवर काम केलेले, म्हणजे गंडेदोरे बांधणारी माणसे नव्हेत. त्यांचे म्हणणे असे, की काही माणसांना दूरची, डोळ्यांआडची जागा मनाने दिसू शकते. याला त्यांनी नाव दिले ‘रिमोट व्ह्यूइंग’. आपण दूरदर्शन म्हणू; पण त्या शब्दाने तुम्हाला संध्याकाळच्या बातम्या आठवतील, म्हणून दूरदृष्टी म्हणतो. सीआयएने पैसे दिले. कारण काय, तर रशियन लोक यात पुढे गेले आहेत अशी कुजबुज होती. शेजाऱ्याने बोअर घेतली म्हणून आपणही घ्यायची, त्यातला हा प्रकार. पाणी आहे का, हे मागाहून बघू.

मनोबलाने चमचे वाकवतो असे सांगणारा युरी गेलर याच काळात त्या प्रयोगशाळेत तपासला गेला. पुटहॉफ आणि टार्ग यांचा लेख १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. या एका गोष्टीचे भांडवल अजून होते. पण त्याच अंकात संपादकांनी सोबत एक टिपण जोडले होते आणि परीक्षकांनी घेतलेल्या हरकती त्यात नोंदवल्या होत्या, हे कोणी सांगत नाही. चमचे वाकण्याबद्दल तर त्या लेखकांनी स्वतःच लिहिले होते, की पुरेशा बंदोबस्तात तसा प्रयोग त्यांना करता आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी जॉनी कार्सन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वेगळाच प्रकार घडला होता. जेम्स रँडी या जादूगाराच्या सल्ल्याने वस्तू आयत्या वेळी आणि परस्पर मांडल्या गेल्या, आणि गेलरला काहीही करून दाखवता आले नाही. करमणुकीच्या कार्यक्रमाने प्रयोगशाळेपेक्षा जास्त काळजी घेतली, असे म्हणायचे झाले!

मला खरी दाद द्यावीशी वाटते ती न्यूझीलंडच्या दोन मानसशास्त्रज्ञांना. डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन. दूरदृष्टीच्या प्रयोगात एक जण शहरातल्या कुठल्या तरी जागी जाऊन उभा राहायचा आणि दुसरा खोलीत बसून ती जागा कशी दिसते ते बोलून दाखवायचा. असे अनेक दिवस. मग ती वर्णने आणि जागांची यादी एका तिऱ्हाइताकडे जायची आणि त्याने जोड्या लावायच्या. जोड्या बऱ्याच बरोबर लागत. मार्क्स आणि कॅमन यांनी ती मूळ वर्णने जशीच्या तशी वाचली, तर त्यांत बोलण्याच्या ओघात काल कुठे गेलो होतो, आधी किती प्रयोग झाले, असले उल्लेख शिल्लक होते. त्यावरून कोणते वर्णन कितव्या दिवसाचे ते कळत होते, आणि जागांची यादीही दिवसांच्या क्रमानेच दिलेली होती. मार्क्सने त्यातली एकही जागा न पाहता, केवळ या खुणांवरून जोड्या लावून दाखवल्या. हे १९७८ मध्ये ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध झाले. आमच्या खात्यात याला व्हाउचरवरची तारीख बघणे म्हणतात. फार बुद्धी लागत नाही, चिकाटी लागते.

कोणाही समंजस माणसाला वाटेल, की इथे फाइल बंद झाली असेल. प्रत्यक्षात फाइलीचे फक्त नाव बदलले. सीआयए बाजूला झाली होती, तिची जागा लष्कराने आणि संरक्षण खात्याच्या गुप्तचर विभागाने घेतली. ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि १९९१ पासून स्टार गेट. मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथे लष्कराची माणसे बसून मनाने रशियातल्या इमारती बघत होती. शीतयुद्ध संपले, सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तरी ही योजना चालूच. शेवटी अमेरिकी काँग्रेसच्या सांगण्यावरून १९९५ मध्ये ती पुन्हा सीआयएच्या गळ्यात पडली आणि सीआयएने एका बाहेरच्या संस्थेकडून तिची तपासणी करून घेतली. तोवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्ची पडले होते.

ती तपासणी वाचण्यासारखी आहे. दोन तज्ज्ञ मुद्दाम परस्परविरोधी मतांचे निवडले होते. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांचे मत पडले, की प्रयोगशाळेतले आकडे निव्वळ योगायोगाने येणार नाहीत. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, की आकडे वेगळे दिसतात म्हणून त्याचे कारण अतींद्रियच, असे होत नाही. प्रयोगातल्या उणिवा आधी निपटून काढा, दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेत तेच दाखवा, मग बोलू. मी हायमन यांच्या बाजूचा आहे. पण घटकाभर अट्स यांचे सगळे मान्य करा. तरी तपासणीचा निष्कर्ष बदलत नाही. तो असा, की या दूरदृष्टीतून मिळालेल्या माहितीच्या आधारे गुप्तचर खात्याला एकदाही प्रत्यक्ष कारवाई करता आली नव्हती. माहिती मोघम असायची, तिच्यात चुकीचे खूप असायचे आणि उरलेल्याचा अर्थ लावायला आधीच ठाऊक असलेले तपशील लागायचे.

मग वीस वर्षे ती तगली कशी? याचे उत्तर आपल्याकडच्या कोणत्याही दुष्काळी गावात मिळेल. पाणाड्या येतो, हातावर नारळ उभा करतो किंवा उंबराची दुबेळकी फांदी धरून शिवारात फिरतो आणि जागा दाखवतो. दहापैकी तीन ठिकाणी पाणी लागले, तर त्या तीन विहिरींची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. सात कोरड्या बोअर मात्र शेतकऱ्याच्या कर्जखात्यात निमूट जाऊन बसतात. त्या नोंदवायला कोणी वही ठेवत नाही. अमेरिकेतही हेच. पॅट प्राइस नावाच्या निवृत्त पोलिस अधिकाऱ्याने १९७४ मध्ये सोव्हिएत संघातल्या सेमिपलातिन्स्क इथल्या एका गुप्त ठिकाणचे वर्णन करताना रुळांवरून चालणारी भलीमोठी क्रेन काढून दाखवली, आणि तशी क्रेन तिथे खरोखर होती. ही क्रेन आजही प्रत्येक पुस्तकात आहे. त्याच बैठकीत त्याने सांगितलेल्या आणि तिथे नसलेल्या कितीतरी गोष्टी मात्र पुस्तकांत सापडत नाहीत. त्या काळच्या सीआयएच्या तपासनिसांनी एकूण वर्णन निरुपयोगी ठरवले होते.

गोपनीयतेने इथे मोठा हात दिला. उघड संशोधनात चूक सापडली की कोणीतरी ती चव्हाट्यावर मांडतो, जशी मार्क्स आणि कॅमन यांनी मांडली. गुप्त खोलीत चूक दाखवायला कोण जाणार? शिक्का संरक्षणाचा, फाइल बघण्याची परवानगी मोजक्यांना, आणि ते मोजके बहुतेक त्यातच गुंतलेले. ब्रिटनच्या संरक्षण खात्यालाही २००१-०२ मध्ये हा मोह झाला होता. त्यांनी बंद पाकिटातली चित्रे ओळखायला लावली, अठरा हजार पौंड खर्च केले, हाती काही लागत नाही असे दिसल्यावर विषय सोडून दिला. मला अशा खर्चाबद्दल तक्रार नाही. परीक्षा घेतली, उत्तर आले, पाकीट बंद.

उडत्या तबकड्यांच्या बाबतीत अमेरिकेने एकदा असे केलेही होते. हवाई दलाचा ‘ब्लू बुक’ प्रकल्प १९५२ पासून लोकांनी कळवलेल्या नोंदी तपासत होता. एकूण १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही. हवाई दलाने १९६६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाला पाच लाख डॉलरहून थोडे अधिक देऊन एडवर्ड कॉन्डन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र अभ्यास करायला सांगितला. अहवाल छापून बाजारात आला, राष्ट्रीय विज्ञान अकादमीने तो तपासला, आणि १९६९ च्या डिसेंबरमध्ये ब्लू बुक बंद झाला. पैसा किती, काम कोणाचे, शेवट कधी, सगळे उघड. पण इथेही एक लेखाआक्षेप आहे आणि तो संशयवाद्यांच्या खात्यावर आहे. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेली चिठ्ठी पुढे उजेडात आली. वरवर निःपक्षपाती दिसेल, पण मुळात निकाल नकाराचाच अपेक्षित आहे, असा तिचा सूर होता. भाविकांना आयतेच कोलीत मिळाले, आणि ते अजून विझलेले नाही. निकाल आधी ठरवून केलेली तपासणी, मग ती आपल्या बाजूची का असेना, मी तरी पास केली नसती.

आता दोन सिनेटरांची गंमत सांगतो. दोघेही नेवाडा राज्याचे, दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे. नासाने १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये परग्रहावरून येणारे रेडिओ संदेश ऐकण्याचा प्रकल्प सुरू केला होता. वर्षाला सव्वा कोटी डॉलरच्या आतबाहेर खर्च, काम दुर्बिणींवर, निष्कर्ष सर्वांना खुले. नेवाडाचे सिनेटर रिचर्ड ब्रायन यांनी १९९३ मध्ये त्याचे अनुदान तोडले. हिरव्या माणसांच्या मागे जनतेचा पैसा नको, असा त्यांचा पवित्रा. पंधरा वर्षांनी नेवाडाचेच हॅरी रीड, तोवर सिनेटमधले बहुमताचे नेते झालेले, त्यांनी आणखी दोन सिनेटरांना बरोबर घेऊन गाजावाजा न करता दोन कोटी वीस लाख डॉलरची सोय केली. त्या वेळच्या दराने शंभर कोटी रुपयांच्या आसपास. हा पैसा कुठे गेला, ते मात्र सावकाश ऐका.

संरक्षण गुप्तचर विभागाने २००८ मध्ये निविदा काढली. तिच्यात उडत्या तबकडीचा शब्द नव्हता. भविष्यातील विमानविद्या, उड्डाण, प्रणोदन अशी भारदस्त भाषा होती. निविदा आली एकच. ती नेवाडाचे उद्योगपती रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीची. ते रीड यांचे जुने स्नेही. त्यांचा हॉटेल-निवासांचा मोठा व्यवसाय, आणि युटा राज्यात एक रँच त्यांनी विकत घेतलेले होते, जिथे चित्रविचित्र प्रकार घडतात अशी ख्याती. एकच निविदा आली तर फेरनिविदा काढावी, एवढे आमच्याकडच्या नगरपालिकेच्या कारकुनालाही ठाऊक असते. काम अर्थातच त्यांना मिळाले.

संरक्षण खात्याच्या नव्या चौकशी कार्यालयाने २०२४ च्या मार्चमध्ये या सगळ्याचा ऐतिहासिक आढावा प्रसिद्ध केला. त्यात लिहिले आहे, की करारात नमूद नसतानाही कंपनीने तबकड्यांचा शोध घेतला. त्या रँचवर दिसणाऱ्या म्हणे सावल्यांच्या आकृत्या आणि ‘प्राणी’ यांच्या हकिकती तपासल्या. दूरदृष्टीतही हात घातला. शिवाय बाहेरच्या अभ्यासकांकडून ३८ शोधनिबंध लिहून घेतले गेले. विषय होते अवकाशातले भुयारी मार्ग, प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास, अदृश्य होण्याची युक्ती. या निबंधांचे उपकंत्राट ज्या छोट्या संस्थेकडे होते, तिचे प्रमुख कोण? तेच हॅरल्ड पुटहॉफ, १९७२ चे. छत्तीस वर्षांनी तोच विषय, तेच नाव, नवे लेखाशीर्ष. यात बेकायदा काही होते असे मी म्हणत नाही. पण मागच्या कामाचा मूल्यमापन अहवाल पुढच्या मंजुरीच्या वेळी कोणी फाइलीला जोडला होता का, एवढे विचारण्याचा हक्क करदात्याला असावा.

त्याच विभागाला पुढे या कामाबद्दल शंका आली आणि २०१२ मध्ये ते थांबले. मग गृहसुरक्षा खात्याकडे ‘कोना ब्लू’ नावाने नवा प्रस्ताव गेला. तो मंजूर झाला नाही. पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली, सोबत नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेल्या चित्रफिती बाहेर आल्या, आणि जगभर एकच गोष्ट पोहोचली, की अमेरिकी सरकार गुपचूप तबकड्यांवर संशोधन करत होते, म्हणजे नक्की काहीतरी असणार! खर्च झाला हाच पुरावा ठरला. हिशेब तपासनिसाला याहून मोठा धक्का नाही. आमच्याकडे कागदावर बांधलेल्या विहिरी असतात. बिल निघाले म्हणून त्यांतून पाणी निघत नाही.

त्या चौकशी कार्यालयाचे पहिले संचालक शॉन कर्कपॅट्रिक हे भौतिकशास्त्रज्ञ. पद सोडल्यावर २०२४ च्या जानेवारीत त्यांनी लिहिले, की सरकारने परग्रहावरची याने लपवली आहेत ही कथा एका लहान वर्तुळातली माणसे एकमेकांना सांगत फिरवत आहेत. याने ऐकले त्याच्याकडून, त्याने ऐकले याच्याकडून. त्यांच्या कार्यालयाच्या आढाव्यातही परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा एकही पुरावा सापडला नाही.

याचा अर्थ आकाशाकडे बघूच नये असा नाही. वैमानिकाला न ओळखता येणारी वस्तू समोर दिसली, तर त्याने ती कळवली पाहिजे आणि कोणीतरी तपासली पाहिजे. अमेरिकेच्या आकाशातून चाललेला चिनी फुगा २०२३ च्या फेब्रुवारीत पाडावा लागला, तेव्हा हा प्रश्न विमानसुरक्षेचा आणि हेरगिरीचा आहे, हे दिसलेच. नासाने त्याच सुमारास सोळा जणांची एक समिती नेमली. खर्चाची मर्यादा एक लाख डॉलर. बैठक सर्वांना पाहता येईल अशी थेट प्रक्षेपित झाली. समितीने सांगितले, की परग्रहवासीयांचा पुरावा नाही आणि उपलब्ध नोंदी इतक्या कच्च्या आहेत, की त्यांतून फारसे काही ठरवता येत नाही. उपकरणे नीट जुळवा, नोंदी नीट ठेवा. एवढ्यासाठी त्या सदस्यांना इंटरनेटवरून शिव्याशाप सोसावे लागले.

अमेरिकेला हसून आपण मोकळे होऊ नये. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, दौंडिया खेडा इथल्या पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोने आहे, असे एका साधूच्या स्वप्नात आले. आणि २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे कुदळ मारली. भूगर्भ सर्वेक्षणाच्या अहवालावरून आम्ही खणतो आहोत, स्वप्नावरून नव्हे, असा खुलासा झाला. विटांच्या भिंती निघाल्या, खापरे निघाली, सोने निघाले नाही, महिन्याभरात काम थांबले. तरी स्टार गेटपेक्षा हे बरे. खड्ड्याला निदान तळ असतो.

आणि आपल्याकडेच सरकारी पैशातून एक चक्रम वाटणारा प्रश्न फार नेटकेपणाने विचारला गेला, त्याबद्दल सांगतो. पृथ्वीवरची जीवसृष्टी बाहेरून, अंतराळातून आलेल्या सूक्ष्म जीवांमुळे सुरू झाली असेल का? फ्रेड हॉईल यांची ही कल्पना, आणि पुण्याचे जयंत नारळीकर यांना तिची कसोटी घ्यायची होती. फलज्योतिषाविरुद्ध जन्मभर लिहिणारा हा माणूस. पण प्रश्न विचित्र आहे म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. इस्रोने पैसा दिला. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्याच्याखाली निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून घेतलेल्या पोलादाच्या सोळा नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरली गेली आणि नळ्या हवाई छत्रीने खाली आल्या. नमुने एकाच प्रयोगशाळेच्या हवाली केले नाहीत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने ते स्वतंत्रपणे, सारख्याच पद्धतीने तपासले. एकाने लपवले तर दुसऱ्याकडे दिसावे.

जीवाणूंच्या बारा वसाहती मिळाल्या. त्यांपैकी नऊ पृथ्वीवर आधीच ठाऊक असलेल्या जातींशी जवळजवळ तंतोतंत जुळल्या. तीन जाती नव्या निघाल्या आणि अतिनील किरणांना त्या जास्त दाद देत नव्हत्या. एकीला हॉईल यांचे नाव दिले, दुसरीला इस्रोचे, तिसरीला आर्यभटाचे. ही बातमी २००९ च्या मार्चमध्ये जाहीर झाली, तेव्हा ‘अंतराळातले जीव सापडले’ असा मथळा द्यायला वर्तमानपत्रे टपलेलीच होती. इस्रोच्या पत्रकात मात्र स्पष्ट म्हटले होते, की हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही.